चित्त्याकरवी शिकार (कोल्हापूर संस्थान)

माणसाळवलेला चित्ता मोकळा सोडून त्याच्याकडून काळवीट पकडविण्याच्या शिकारपद्धतीस चित्त्याकरवी शिकार असे म्हणतात. भारतातील राजदरबारांत ही पद्धती मध्ययुगापासून रूढ होती. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) आणि त्यांचे पुत्र छत्रपती राजाराम महाराज (कारकीर्द १९२२–१९४०) यांच्या काळात ती जोपासली गेली. देशातील चित्ते जवळजवळ संपल्यानंतरही ही शिकार चालू ठेवणाऱ्या मोजक्या संस्थानांत कोल्हापूर व भावनगर यांची गणना होते. चित्त्यांची निगा राखणाऱ्या व त्यांना शिकारीस नेणाऱ्या सेवकांना चित्तेवान म्हणत.

नावाविषयी

‘चित्ता’ हा शब्द ठिपकेदार या अर्थाच्या ‘चित्रक’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. मराठी बोलीत बिबट्यालाही सर्रास चित्ता म्हटले जात असल्याने जुन्या शिकारवर्णनांतील उल्लेख वाचताना सावधगिरी बाळगावी लागते. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात व डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी वर्तुळे असतात. शिकारीसाठी माणसाळवला जाई तो चित्ता. बिबट्या त्या कामी उपयोगी पडत नसे.

पकडणे व माणसाळवणे

या पद्धतीत पिल्लू पाळून वाढवत नसत, तर रानातला पूर्ण वाढलेला चित्ता पकडत. शिकार कशी करावी हे चित्त्याचे पिल्लू आईच्या सोबतीने शिकते. माणसाच्या हाती वाढलेल्या पिल्लाला ते येत नाही, असा चित्तेवानांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. चित्ते ज्या ठरावीक झाडांपाशी वारंवार येतात व खोडावर नख्या ओढतात, तेथे फास मांडून त्यांना धरले जाई.

त्यानंतरचे काही महिने चित्त्याला माणसाची सवय लावण्यात जात. त्याला दोरांनी बांधून खाटेवर बसवत, डोळ्यांवर टोपी चढवत आणि वर्दळीच्या रस्त्यांवरून फिरवत. शेजारी बायकामुलांना बसवून गप्पा मारायला लावत, जेणेकरून माणसांचा आवाज त्याच्या कानी सतत पडावा. मांस त्याच चित्तेवानाच्या हातून व लाकडी पळीतून दिले जाई, त्यामुळे पळी दिसताच चित्ता जवळ येऊ लागे. म्हणजे माणूस त्याला शिकार करायला शिकवत नव्हता; केलेली शिकार सोडून द्यायला शिकवत होता, आणि अवघड भाग तोच होता.

शिकार

काळविटांचे कळप बैलगाडीला बुजत नसत, म्हणून चित्त्याला गाडीवर बसवून माळावर नेत. कळपाच्या पुरेसे जवळ पोहोचल्यावर टोपी काढून त्याला सोडले जाई. ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग त्याला थोड्याच अंतरापुरता राखता येतो. काही शे मीटरांत सावज हाती लागले नाही तर तो पाठलाग सोडून बसून राही, आणि त्या दिवशी त्याला पुन्हा उठवणे कठीण जाई. सावज साधले तर चित्ता त्याची मान धरून ठेवी. चित्तेवान धावत जाऊन काळविटाचा गळा चिरी, रक्ताने भरलेली पळी चित्त्यापुढे धरी आणि तो त्यात गुंतला की हळूच टोपी चढवी.

श्वान व बंदूक

याच प्रदेशात शिकारीच्या इतर रीतीही नांदत होत्या. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानाने (आता कर्नाटकात) जोपासलेले सडपातळ मुधोळ कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. सशामागे त्यांना सोडत. कुत्र्याची वीण घरीच होत असल्याने चांगल्या जातीची निवड पिढ्यान्‌पिढ्या करता येई. चित्त्याच्या बाबतीत ही सोय नव्हती. तित्तर, लावा यांसारख्या पक्ष्यांसाठी छर्‍यांची दुनळी बंदूक वापरत. पहिला बार चुकल्यास पुन्हा न ठासता दुसरा काढता येणे हा तिचा मुख्य गुण. बंदुकीचा प्रसार वाढला तशी चित्त्याची शिकार खर्चिक हौस ठरत गेली.

चित्त्यांचा तुटवडा

अकबराकडे १००० चित्ते असल्याचे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. बंदिवासात पिल्ले झाल्याचा एकच प्रसंग त्याच ग्रंथात आहे, आणि तो नवल म्हणूनच सांगितलेला आहे. दरबारी प्रत्येक नवा चित्ता रानातूनच येत असल्याने प्रत्येक चित्तेखाना रानातील संख्या घटवत गेला. त्यात माळराने शेतीखाली गेली, काळवीट कमी झाले आणि ब्रिटिश अमदानीत चित्ते मारण्याबद्दल बक्षिसेही दिली जात.

विसाव्या शतकात संस्थानांना भारतीय चित्ते मिळेनासे झाले. १९१८ ते १९४५ या काळात आफ्रिकेतून सुमारे २०० चित्ते भारतात आणले गेल्याचा अंदाज आहे. कोल्हापूरच्या चित्तेखान्यातही असे आफ्रिकी चित्ते होते. या काळातील छायाचित्रांत दिसणारे संस्थानी चित्ते म्हणूनच भारतीय उपजातीचे मानता येत नाहीत.

अखेर

१९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या (आता छत्तीसगड) राजाने तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते. संस्थानचे दाजीपूर येथील शिकारीचे राखीव जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. आजच्या राधानगरी अभयारण्यात ते समाविष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काळविटाच्या शिकारीस बंदी आहे. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयात संस्थानकालीन शस्त्रे व शिकारीच्या वस्तू पाहता येतात.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. आफ्रिकेतून भारतात चित्ते येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता, मात्र ते रानात सोडण्यासाठी येण्याचा पहिलाच होता. मार्च २०२३ मध्ये त्यांतील एका मादीने कुनो येथे चार पिल्लांना जन्म दिला.