तिसऱ्या रांगेतून गोलाच्या मध्यावर

भारतीय विद्यापीठ संघाच्या राष्ट्रीय युवा महोत्सवात पाश्चात्त्य गाणं गाता येतं, पाश्चात्त्य वाद्यही वाजवता येतं. नाचायचं म्हटलं की मात्र दोनच दारं उघडी असतात: एक शास्त्रीय नृत्याचं, दुसरं लोकनृत्य-आदिवासी नृत्याचं. गिटार चालते, हिप-हॉप चालत नाही. तरीही नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात स्ट्रीट डान्सशी अनेकांची पहिली गाठ पडते ती कॉलेजातच. निमित्त असतं गॅदरिंगचं.

थंडी पडली की ग्रुप जमायला लागतात. कुणीतरी मोबाइलवर चार गाण्यांचं मिक्स करतो, रिकामा वर्ग नाहीतर बिल्डिंगचं पार्किंग शोधलं जातं आणि ‘सेट बसवायला’ सुरुवात होते. आधी क्लास केलेली दोघं-तिघं पुढच्या रांगेत उभी राहतात. मागे तिसऱ्या रांगेत उरलेल्या जागा भरायला असा एखादा गडी ओढून आणला जातो, ज्याने आजवर फक्त विसर्जन मिरवणुकीत हात वर केलेले असतात. पुढे कॉलेजची सगळी वर्षं नाचाच्या नादात घालवणारा नेमका तोच निघतो, हे घरच्यांना फार उशिरा कळतं.

अर्थात, त्याची पाटी कोरी नसते. ज्या शहराच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथे वाढलेल्या मुलाच्या कानात ठेका आधीच मुरलेला असतो. वाकडी बारवेपासून निघणारी अनंत चतुर्दशीची मिरवणूक असो की जुन्या नाशिकातल्या रहाडींची, म्हणजे रंगाच्या हौदांतली, रंगपंचमी, रस्त्यावर नाचण्याची लाज इथे कधी नव्हतीच. हिंदी पडद्यावरही हा रस्त्यावरचा नाच एका मराठी माणसानेच रुजवला. ‘अलबेला’ (1951) मधली भगवानदादांची खांदे उडवत सरकण्याची लकब कुठल्याही नृत्यशाळेतली नव्हती. मिरवणुकीचा नाच आणि स्ट्रीट डान्स यांत फरक इतकाच, की मिरवणुकीत थांबायचं नसतं आणि इथे ऐन ठेक्यावर थिजून उभं राहायचं असतं. नवख्याचं घोडं तिथेच अडतं.

ज्याला सगळे सरसकट ‘ब्रेकडान्स’ म्हणतात, त्याचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला मानला जातो. 11 ऑगस्ट 1973 रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता, पुढे ‘डीजे कूल हर्क’ म्हणून गाजलेला. गाण्यात गायक थांबून फक्त तालवाद्यं उरतात त्या तुकड्यावर, म्हणजे ‘ब्रेक’वर, लोक सर्वांत जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. म्हणून दोन तबकड्या वापरून तो तोच तुकडा लांबवू लागला. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल, आणि त्यांचा नाच म्हणजे ब्रेकिंग. स्नायूंना झटके देत नाचायचं पॉपिंग आणि मध्येच सांधे अडकल्यासारखं थांबायचं लॉकिंग या मात्र कॅलिफोर्नियातल्या वेगळ्या शैली. नाशिकमधल्या बऱ्याच मुलांना हा भेद पहिल्या वर्कशॉपनंतरच उमगतो.

आपल्याकडे हा नाच घराघरांत पोहोचवला तो टीव्हीने. आधी ‘बूगी वूगी’ आलं, 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीत मायकेल जॅक्सन नाचून गेला, मग रिॲलिटी शोंची रांगच लागली. वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या मुलांना घेऊन सुरेश मुकुंद यांनी उभा केलेला ग्रुप 2015 मध्ये जागतिक हिप-हॉप स्पर्धेत कांस्यपदकापर्यंत गेला. 2019 मध्ये ‘द किंग्ज’ या नावाने त्यांनी अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकून दहा लाख डॉलर मिळवले. कामगिरी मोठीच, पण तिचा एक तोटाही झाला. स्ट्रीट डान्स म्हणजे एकसारखे कपडे, रचलेल्या रांगा आणि हवेत फेकलेला माणूस, असं चित्र प्रेक्षकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

खरा मामला गोलात असतो. मुलं वर्तुळ करून उभी राहतात, त्याला ‘सायफर’ म्हणतात. गाणं डीजे लावेल ते. एकेकाने मध्ये यायचं, सुचेल तसं नाचायचं आणि बाहेर पडायचं. बसवलेला सेट इथे कामाला येत नाही. तिसऱ्या रांगेतल्या मुलाला नाचाची खरी ओळख होते ती इथे, गॅदरिंगच्या टाळ्यांत नव्हे. पहिल्या खेपेला बहुतेकांचे पाठ केलेले दोन-तीन प्रकार लगेच संपतात, आणि पुढचे काही सेकंद काय करायचं हे स्वतःलाच ठरवावं लागतं.

कथकची मोठी परंपरा असलेल्या नाशिकमध्ये गोलातल्या नाचाचं हे वेगळेपण विशेष उठून दिसतं. कथक शिकणारी मुलगी प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षांच्या पायऱ्या चढते. स्ट्रीट डान्समध्ये ना परीक्षा, ना प्रमाणपत्र. नाव मिळतं ते समोरासमोरच्या बॅटलमधून. राज्याच्या नव्या पदवी अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेत, त्यांत प्रयोगकलाही येतात. मग कॉलेजांनी हा नाच निदान आठवड्यातून एकदा सभागृहात येऊ द्यायला काय हरकत आहे? पार्किंगच्या फरशीपेक्षा मनगटांचे हाल तरी कमी होतील. ब्रेकिंगमध्ये अंगाचा भार सतत हातांवर येतो, त्यामुळे मनगट आणि खांदा ही दुखापतीची ठरलेली ठिकाणं. डेन्मार्कमधल्या एका नर्तकाने तर एकोणीस वर्षांहून जास्त काळ डोक्यावर गिरक्या घेतल्या आणि टाळूवर उठलेला गोळा त्याला शस्त्रक्रिया करून काढावा लागला. 2024 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली.

त्याच वर्षी ब्रेकिंग पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोहोचलं. जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्ण जिंकलं, पण जगभर चर्चा झाली एकही गुण न मिळालेल्या ऑस्ट्रेलियाच्या रेगनची. ती तेव्हा विद्यापीठात शिकवत होती आणि तिची पीएचडीही ब्रेकिंगवरच आहे! लॉस एंजेलिसच्या 2028 च्या यादीत मात्र ब्रेकिंग नाही. म्हणजे ‘यात पुढे काय?’ या पालकांच्या प्रश्नाला ऑलिंपिकचं उत्तर काही काळ देता येणार नाही.

रेड बुल बीसी वन ही या नाचातली नावाजलेली जागतिक स्पर्धा. तिची 2019 ची अंतिम फेरी मुंबईत झाली होती. जोगेश्वरीचा आरिफ चौधरी ऊर्फ ‘फ्लाइंग मशीन’ याने तिची भारतीय फेरी एकाहून अधिक वेळा जिंकली आहे. मुंबईची बॅटल गाठायची तर नाशिककरांना सकाळची पंचवटी एक्सप्रेस आहेच. प्रश्न उरतो खर्चाचा. पदवीनंतरही नाच न सोडणारे काहीजण लहान मुलांच्या बॅचेस घेतात, काही शाळांची स्नेहसंमेलनं बसवतात. लग्नसराईत मात्र सर्वांत चांगले पैसे मिळतात ते संगीत बसवण्याचे. तिथे नवरीच्या मामाला डावा पाय कोणता हे सांगण्यापासून सुरुवात करावी लागते.