आजीची भाजी आणि बंद पडलेली दोन बटणं

मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘आजीची भाजी’ टाइप करा. आता समजा, लॅपटॉपची इंग्रजी ‘ई’ आणि ‘आर’ ही दोन बटणं गेली आहेत. पडद्यावर काय उमटेल? ‘जच भज’. काना आणि ‘आ’ दोन्ही ‘ई’च्या बटणावर, दीर्घ वेलांटी ‘आर’च्या बटणावर. दोन बटणं गेली आणि आजीही गेली, भाजीही गेली!

नेमक्या याच दोन बटणांनी मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत धमाल उडवली होती. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जोआना स्टर्न यांच्या मॅकबुकवर ‘ई’ आणि ‘आर’ त्रास देत होते. त्यांनी कीबोर्डच्या दुखण्यावरचा लेख ती अक्षरं गाळूनच छापला. शीर्षकातसुद्धा अक्षरांच्या जागी भोकं! ॲपलला माफी मागावी लागली. लॅपटॉपच्या कीबोर्डचा इतिहास अशा गोष्टींनी भरलेला आहे आणि ‘पुढचा लॅपटॉप याच कंपनीचा घ्यावा की दुसऱ्या?’ या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्या इतिहासातच सापडतं.

एटीएम कार्डाहून कमी

मार्च २०१५ मध्ये ॲपलने १२ इंची मॅकबुक आणला, तो आपल्या ‘बटरफ्लाय’ कीबोर्डसह. लॅपटॉपच्या बटणाखाली एरवी कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या असतात आणि मध्ये रबराची छोटी टोपी. बटण दाबलं की कात्री मिटते, सोडलं की टोपी त्याला वर ढकलते. ॲपलने कात्रीच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखी उघडझाप करणारी रचना बसवली आणि रबराऐवजी स्टीलची टोपी घातली. ही रचना ४० टक्के पातळ आहे आणि चौपट स्थिर आहे, असं कंपनीने सांगितलं.

पातळ किती? बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. पाकिटातलं एटीएम कार्ड काढून त्याची कड पाहा. ती ०.७६ मिलिमीटर जाड असते. म्हणजे बोट कार्डाच्या जाडीइतकंही खाली जात नव्हतं. एवढ्याशा जागेत धुळीचा एखादा कण शिरला तर तो जाणार कुठे? बटण दाबलं तरी अक्षर उमटत नाही, नाहीतर एकदा दाबलं की दोनदा उमटतं.

ॲपलने त्यावर सुचवलेला उपाय मला फार आवडतो, कारण त्यात चक्क भूमिती आहे. लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरायचा, दाबाच्या हवेचा कॅन घ्यायचा आणि डावीकडून उजवीकडे नागमोडी फवारा मारत जायचं. मग लॅपटॉप उजव्या कुशीवर वळवून पुन्हा, मग डाव्या कुशीवर वळवून पुन्हा.

एवढं करूनही बटण जागं झालं नाही तर खरा खर्च सुरू व्हायचा. कीबोर्ड वरच्या धातूच्या कव्हरला रिव्हेटने ठोकलेला आणि त्याच कव्हरला आतून बॅटरी चिकटवलेली. एक बटण बिघडलं की कव्हर, कीबोर्ड, बॅटरी असा सगळा संसारच बदलायचा!

चार पिढ्या, एक माघार

पहिली पिढी २०१५ ची, दुसरी २०१६ ची. जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षं मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि ती जगभर लागू होती. पुढच्याच महिन्यात तिसरी पिढी आली, तिच्यात प्रत्येक बटणाखाली सिलिकॉनचा पातळ पडदा. आवाज कमी व्हावा म्हणून तो घातला, असं बाहेर सांगितलं गेलं. दुरुस्ती केंद्रांना दिलेल्या कागदांत मात्र कचरा आत जाऊ नये म्हणून, असं होतं. मे २०१९ मध्ये चौथी पिढी आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोवर जुनी कात्री परतली. बटणाची चाल एक मिलिमीटर झाली, २०१६ मध्ये ‘टच बार’ या स्पर्शपट्टीवर गेलेलं ‘एस्केप’ही पुन्हा खरंखुरं बटण झालं.

या कीबोर्डवरून अमेरिकेत झालेल्या खटल्यात ५ कोटी डॉलरची तडजोड २०२२ मध्ये ठरली, सात राज्यांतल्या ग्राहकांसाठी. ज्यांचं कव्हर दोनदा बदलावं लागलं त्यांना जास्तीत जास्त ३९५ डॉलर, एकदा बदललं त्यांना १२५ आणि नुसती बटणाची टोपी बदलली त्यांना ५० पर्यंत.

या सगळ्या प्रकरणात ऑस्करसुद्धा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘जोजो रॅबिट’च्या पटकथेसाठी ऑस्कर घेऊन तायका वाइटीटी पत्रकारांसमोर आले. लेखकांनी निर्मात्यांकडे कोणत्या मागण्या कराव्यात, असा प्रश्न होता. ते बोलले ॲपलच्या कीबोर्डबद्दल! दरवर्षी ते बिघडत चाललेत, पुन्हा पीसीकडे जावंसं वाटतं, खांदे दुखतात. हातात ताजं ऑस्कर असताना माणसाला आधी कीबोर्ड आठवतो, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. लिहिणाऱ्याचा संसार त्या ऐंशीएक बटणांवरच चालतो.

पहिलं फुलपाखरू वेगळंच होतं

‘बटरफ्लाय कीबोर्ड’ म्हटलं की जुन्या लोकांना ॲपल आठवतच नाही. १९९५ मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७०१ सी काढला होता. लॅपटॉप एवढासा, पण झाकण उघडलं की दोन तुकड्यांत कापलेला कीबोर्ड तिरका सरकत एकमेकांत बसायचा आणि दोन्ही बाजूंनी पंखांसारखा बाहेर यायचा. ही करामत जॉन कॅरिडिस या अभियंत्याची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हा लॅपटॉप जपून ठेवला आहे. पण पडदे लवकरच मोठे झाले, रुंद कीबोर्ड लॅपटॉपमध्ये आपोआप मावू लागला आणि हे सुंदर फुलपाखरू त्याच वर्षी उडूनही गेलं. जमलं तर त्याची उघडझाप एकदा व्हिडिओत बघाच.

कीबोर्ड फुकट बदलून देणारी पहिली कंपनी ॲपल नव्हे

नोव्हेंबर १९८३ मध्ये आयबीएमने घरगुती वापरासाठी ‘पीसी ज्युनियर’ जाहीर केला. तो लॅपटॉप नव्हता, पण गोष्ट तीच. बटणं छोटी, सुटी सुटी, च्युइंग गमच्या चौकोनी गोळ्यांसारखी. चिकलेट हे त्या गोळ्यांच्या ब्रँडचं नाव, म्हणून कीबोर्डही ‘चिकलेट’. लोकांना तो अजिबात आवडला नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात कंपनीने जुन्या ग्राहकांना नवा कीबोर्ड मोफत दिला, तरी मार्च १९८५ मध्ये पीसी ज्युनियर बंद झाला. गंमत म्हणजे आज जवळपास प्रत्येक लॅपटॉपवर सुट्या सुट्या बटणांचाच कीबोर्ड असतो आणि त्याला अजूनही चिकलेटच म्हणतात. फरक पडला तो बटणाखालच्या रचनेत.

मग थिंकपॅड तरी?

कीबोर्डसाठी लॅपटॉप बदलणारे बहुतेक जण एकदा तरी या दारात उभे राहतात. लाल टिकलीवाला, जड हाताने बडवला तरी टिकणारा, बऱ्याच मॉडेलांमध्ये सांडलेलं पाणी खाली वाहून जाण्यासाठी भोकं ठेवलेला. त्याची कीर्ती खरी आहे. पण तोही एका जागी थांबलेला नाही. २०१२ मध्ये त्याच्या सात ओळी सहा झाल्या आणि जुने चाहते हळहळले. २०१४ च्या एक्स१ कार्बनवर तर वरची फंक्शन बटणांची अख्खी ओळ जाऊन तिथे चित्रं बदलणारी चकचकीत पट्टी आली. पुढच्या वर्षी पट्टी गेली, बटणं परतली. (ॲपलने तशीच पट्टी २०१६ मध्ये आणली, आणि पुढे काढलीही!) थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त २०१७ मध्ये जुन्या सात ओळींचा एक खास लॅपटॉप निघाला. २०२४ मध्ये ‘एफएन’ आणि ‘कंट्रोल’ यांनी जागांची अदलाबदल केली. ‘कंट्रोल’ एकदाचं कोपऱ्यात आलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: कीबोर्डच्या बाबतीत कंपनीच्या नावावर विसंबू नये आणि चिडूनही जाऊ नये. बघायचं ते मॉडेल, तेही त्या वर्षाचं. २०१८ चा मॅकबुक आणि २०२० चा मॅकबुक एकाच कंपनीचे, पण बोटांच्या हिशेबी दोन वेगळ्या घराण्यांचे.

‘डी’ गेलं आणि जोडाक्षरं सुटली

आता माझी गोष्ट. माझ्या आधीच्या लॅपटॉपचं ‘डी’ गेलं. इंग्रजी लिहिणाऱ्याला एक अक्षर कमी पडलं असतं. माझा हलन्त गेला, कारण इनस्क्रिप्टमध्ये तो ‘डी’वर आहे आणि शिफ्टसह ‘अ’ही तिथेच. ‘प्रश्न’ लिहावं तर ‘परशन’, ‘अभ्यास’ लिहावा तर ‘भयास’. दोन दिवस मी एक हलन्त कॉपी करून ठेवला आणि जोडाक्षर आलं की चिकटवत बसलो. मग कळलं की विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि ‘ओ’ एकत्र दाबलं की पडद्यावरच कीबोर्ड उघडतो. निदान रात्रीचा मजकूर तरी पुरा झाला.

तिसऱ्या दिवशी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. दुरुस्तीवाल्याने आधी स्वतःचा बाहेरचा कीबोर्ड यूएसबीला लावला आणि म्हणाला, “साहेब, यावर ‘डी’ मारा.” उमटलं. म्हणजे सॉफ्टवेअर शाबूत. मग नखाने अलगद टोपी उचलली. खाली रबरावर तपकिरी, चकाकणारा डाग. चहा! कधी सांडला मला आठवतही नव्हतं. “पाणी असतं तर एखादवेळी सुकलं असतं. दूध-साखर सुकत नाही, चिकटते.”

त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला सोन्यासारखी वाटली. लॅपटॉपमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, बटणं आडव्या-उभ्या जाळीत जोडलेली असतात. म्हणून एकच बटण गेलं तर बहुधा त्याच्याखाली कचरा किंवा चिकटा असतो. एकमेकांपासून लांबची चार-पाच बटणं एकदम गेली तर जाळीची एक ओळच तुटलेली असते, नाहीतर कीबोर्डची रिबन केबल सैल झालेली असते. मग साफसफाईने भागत नाही. आणि बटणं वर उचलल्यासारखी दिसू लागली, टचपॅड फुगला, तर कीबोर्डला दोष देऊ नका. खाली बॅटरी फुगली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि लगेच दाखवा.

माझं ‘डी’ साफ करून चाललं. सहा महिन्यांनी शेजारची तीन बटणं गेली, तेव्हा मात्र नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं.

दुकानात काय करायचं?

विक्रेता प्रोसेसर सांगेल, रॅम सांगेल, पडदा किती उजळ ते सांगेल. बटणाची चाल किती मिलिमीटर, ते विचारा. एक ते दीड असेल तर बोटांना जमीन लागते. मग उभ्याने नाही, खुर्ची मागून घ्या, बसा आणि दहा मिनिटं मराठीत टाइप करा. दोन बोटांनी नव्हे, रोज करता तसं.

पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे: “कीबोर्ड एकटा बदलता येतो का?” पूर्वी कित्येक लॅपटॉपमध्ये खालचे दोन-चार स्क्रू काढले की कीबोर्ड वरून उचलून हातात यायचा. आता पातळ लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा कव्हरला प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी पक्का केलेला असतो आणि तिथवर पोहोचायला आधी मदरबोर्डसुद्धा काढावा लागतो. लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची दुरुस्ती पुस्तिका इंटरनेटवर मोफत देतात. घेण्याआधी त्यातलं कीबोर्डचं पान उघडा आणि त्याच्याआधी काय काय सुटं करायचं आहे ते मोजा. माझ्या मते ग्राहकाला घरबसल्या मिळणारी ही सगळ्यांत प्रामाणिक माहिती आहे आणि ती फार थोडे लोक वाचतात. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये पहिला लॅपटॉप काढला, तोच मुळी ग्राहकाने स्वतः उघडावा म्हणून. त्याचा कीबोर्ड बदलायचा स्क्रूड्रायव्हर खोक्यातच मिळतो.

बोटांचं स्थलांतर

कंपनी बदलली की हिशेबात न धरलेला एक खर्च येतो: सवय. विंडोजवर कॉपी करताना करंगळी ‘कंट्रोल’कडे धावते, मॅकवर अंगठा ‘कमांड’कडे. त्या कमांडवरचं चार फासांचं चिन्ह ॲपलच्या डिझायनर सुझन केअर यांनी चिन्हांच्या पुस्तकातून शोधून काढलं, कारण मेन्यूमध्ये जिकडे तिकडे सफरचंद दिसू लागल्याने स्टीव्ह जॉब्स वैतागले होते. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळ दाखवायला वापरतात. क्रोमबुक घेतलंत तर कॅप्स लॉकच्या जागी बहुतेकदा शोधाचं बटण असतं, आणि २०२४ पासून अनेक विंडोज लॅपटॉपवर स्पेसबारच्या उजवीकडे ‘कोपायलट’चं बटण आलं आहे, बहुधा उजव्या कंट्रोलला हटवून. १९९४ च्या विंडोज बटणानंतर तीसेक वर्षांनी झालेली ही भर.

इनस्क्रिप्टवाल्यांना मात्र सामान फारसं हलवावं लागत नाही. १९८६ पासूनची ही मांडणी विंडोजमध्येही आहे आणि मॅकमध्येही. ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन बटणांवर बोटांना जागा कळावी म्हणून बारीक उंचवटे असतात ना, तिथे आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ बसतात. हलन्त ‘डी’वर, ‘ळ’ शिफ्ट आणि ‘एन’वर. मी कंपनी बदलली, तेव्हा कंट्रोल-कमांडची गल्लत तीन आठवडे चालली. मराठी पहिल्या संध्याकाळपासून नीट उमटत होती आणि चहाचा कप तेव्हापासून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतो.