निकाल नसलेला सामना

निकाल आधी ठाऊक नसतो म्हणूनच प्रेक्षक तिकीट काढतो, असे क्रीडाव्यवसायाचे अर्थशास्त्र सांगते. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉलविषयीच्या आपल्या निबंधात अनिश्चिततेचे हे महत्त्व मांडले. मग ज्या सामन्याच्या निकालाला काहीच मोल नाही, तो पाहावयास लोक का जातात? निवृत्त टेनिसपटूंचे प्रदर्शनीय सामने हे या सिद्धान्तापुढील एक कोडेच आहे.

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर १७ मे २००९ रोजी झालेल्या सामन्यांचे उदाहरण घ्या. कोर्टावर नवे सरकते छप्पर बसविले होते. ते मिटलेले असताना हजारो माणसांच्या श्वासोच्छ्वासाने दमट होणारी हवा हिरवळीस मानवेल इतपत कोरडी राखता येते काय, हे पाहावयाचे होते. चाचणीसाठी गर्दी हवी होती आणि गर्दीसाठी खेळ. म्हणून आंद्रे आगासी, स्टेफी ग्राफ, टिम हेनमन आणि किम क्लायस्टर्स यांना पाचारण करण्यात आले. ग्राफला निवृत्त होऊन दहा वर्षे होत आली होती. तरीही सुमारे १५,००० प्रेक्षक आले. मिश्र दुहेरीत हेनमन व क्लायस्टर्स विजयी झाले. पण त्याची नोंद कोणत्याही क्रमवारीत व्हावयाची नव्हती.

हे प्रेक्षक केवळ आठवणी विकत घेण्यास आले होते, असे म्हणणे अपुरे आहे. आठवणी चित्रफितींतही मिळतात. तथापि पडद्यावर चेंडूचा वेग आणि त्याची फिरकी सपाट होऊन जाते. उसळता चेंडू आगासी किती पुढे येऊन टिपतो, ग्राफचा फोरहँड सुटताना कसा आवाज होतो, हे मैदानात बसूनच कळते. वयाने पाय मंदावतात. हात मात्र विसरत नाही. निकालाचा ताण नसल्याने हे कौशल्य अधिक निवांतपणे न्याहाळता येते. वयोवृद्ध गवयाच्या मैफलीला जाणारा श्रोता यापेक्षा वेगळे काय मागतो?

अर्थात, असे सामने पोरखेळही ठरू शकतात. मार्च २०१० मध्ये इंडियन वेल्स येथे हैतीतील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात आगासी आणि पीट सँप्रास यांची थट्टामस्करी बोचऱ्या टोमण्यांवर गेली आणि खेळ बाजूलाच राहिला. निकाल नसला म्हणून प्रामाणिकपणा माफ होत नाही. उलट तेथे विकण्याजोगे तेवढेच उरलेले असते. क्लायस्टर्सने विम्बल्डनच्या त्या सामन्यासाठी मनापासून सराव केला. त्या सरावातूनच तिच्या पुनरागमनाचा निश्चय झाला आणि सप्टेंबर २००९ मध्ये तिने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली.

यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरला जातो आणि एक दिवस त्याची किंमत शून्य होते. माणसाच्या कौशल्यालाही आपण हाच नियम लावतो. परीक्षेतील गुण, बढती, सेवानिवृत्तीची तारीख यांपलीकडचे मोजण्याची आपणांस सवय उरलेली नाही. निवृत्त खेळाडूंचा सामना पाहण्यास जाणारा माणूस तिकिटाच्या रकमेपुरता का होईना, हा हिशेब अमान्य करीत असतो. म्हणूनच त्या खर्चाला चैन म्हणणे मला रास्त वाटत नाही.