बॅकस्लॅशच्या उजवीकडे

बॅकअपची स्क्रिप्ट तपासायला आली की माझी नजर आधी ओळींच्या उजव्या टोकाला जाते. आरसिंकची कमांड सहसा सात-आठ ओळींची असते, प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश. कोणता ऑप्शन कशासाठी, हे शेजारीच लिहून ठेवावं असं नीटनेटक्या माणसाला वाटतंच. हेतू चांगला आहे, पण शेलला हेतू कळत नाही.

बॅकस्लॅशची सत्ता त्याच्या लगतच्या एकाच अक्षरावर चालते. ते अक्षर ओळीचा शेवट असेल तरच पुढची ओळ जोडली जाते. मध्ये स्पेस सोडून # दिलं, तर स्पेस आणि # मिळून एक शब्द बनतो. कॉमेंट सुरूच होत नाही. टिपेतले शब्द फाइलींची नावं म्हणून आरसिंककडे जातात आणि शेवटचा शब्द कॉपी ठेवायची जागा ठरतो!

टीप स्वतंत्र ओळीवर लिहिली तर ती वरच्या ओळीला चिकटते आणि कमांड तिथेच संपते. टिपेअखेर बॅकस्लॅश देऊनही उपयोग नाही. कॉमेंटमध्ये तोही नुसता मजकूर. समजा, वर डिलीटचा ऑप्शन आणि दोन्ही फोल्डर आहेत, मग टीप, आणि तिच्याखाली ड्राय-रन. आरसिंक फाइली खरोखर पुसून मोकळं होतं. ड्राय-रन नावाची कमांड सापडली नाही, हे पडद्यावर त्यानंतर उमटतं.

डॉकरफाइल लिहिणारे यात हमखास फसतात, कारण तिथे अशा मधल्या कॉमेंट-ओळी शेलकडे जाण्याआधीच गाळल्या जातात.

काहीजण टीप बॅकटिकमध्ये कोंडतात. ते चालतं, पण वाचणाऱ्याला कोडं घालणारी टीप काय कामाची? पाइपलाइनमध्ये तर बॅकस्लॅशच नको. ओळ | किंवा && ने संपवली की शेल पुढच्या ओळीची वाट पाहतो आणि मधल्या कॉमेंट निमूट सोडून देतो.

बॅशमध्ये मी अ‍ॅरेचाच आग्रह धरतो. कंसात एका ओळीवर एक ऑप्शन, शेजारी # देऊन टीप, आणि कमांडला अख्खा अ‍ॅरे दुहेरी अवतरणात द्यायचा. साध्या पॉझिक्स शेलमध्ये अ‍ॅरे नाहीत, तिथे सगळ्या टिपा कमांडच्या वर लिहाव्यात.

आणि स्क्रिप्ट क्रॉनला लावण्याआधी एकदा शेलचेकमधून काढा. बॅकस्लॅशनंतर ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस आणि कॉमेंटमध्ये अडकलेला बॅकस्लॅश, दोन्ही तो दाखवून देतो.