उल्हासकांठचें बदलापूर

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीनें कल्याण सोडलें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें क्रमानें लागतात. उल्हासनगर हें १९४९ सालीं सिंधी निर्वासितांच्या छावणीवर वसलें. अंबरनाथास शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवालयानें कीर्ति दिली, आणि काडेपेट्यांच्या व लष्करी सामानाच्या कारखान्यांनीं भाकरी दिली. बदलापुराच्या वांट्यास मात्र आरंभापासून दोनच गोष्टी आल्या: एक वाट आणि एक नदी. त्या दोहोंवरच हें गांव जगलें.

जेथें घोडे बदलीत तें बदलापूर, अशी या नांवाची उपपत्ति सर्वतोमुखीं आहे. कोणी ती शिवाजी महाराजांच्या स्वारांशीं जोडतात, कोणी व्यापाऱ्यांच्या तांड्यांशीं. ही दंतकथा मानली तरी भूगोल तिच्या बाजूचा आहे. कल्याण हें मोठें बंदर. तेथून बोरघाटाकडे जाणारी वाट उल्हास नदीच्या खोऱ्यांतूनच निघते. बंदराहून निघालेल्या जनावरास पहिला विसांवा याच टापूंत लागणार. १६५७ सालीं कल्याण मराठ्यांच्या हातीं आलें, तेव्हांपासून या वाटेचें महत्त्व वाढलें. दक्षिणेस चंदेरीचा उंच सुळका या वाटेवर नजर ठेवून आजही उभा आहे.

१८५६ सालीं आगगाडी कल्याणहून याच खोऱ्यानें घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली, आणि १८६३ सालीं बोरघाटही चढली. घोडे बदलण्याचें कारण उरलें नाहीं. स्टेशनाच्या पश्चिमेस नदीच्या बाजूनें जुनें बदलापूर गांव, पूर्वेस कुळगांव. नगरपरिषदेनें दोन्ही नांवें जोडून ठेवलीं आहेत खरीं, परंतु स्टेशनाच्या पाटीवर एकच नांव असल्यामुळें कुळगांवांत राहणारा मनुष्यही आपणांस बदलापूरकरच म्हणवितो. कुळगांवाच्या जुन्या घराण्यांस याचें थोडें वैषम्य वाटत असल्यास तें गैर म्हणतां येणार नाहीं!

गांवाचा पूर्वापार धंदा भातशेतीचा. आगरी व कुणबी शेतकरी उन्हाळ्यांत शेण, पाला आणि फांद्या पसरून राब भाजीत, मृगाच्या पावसांत त्यावर भाताचें बीं पेरीत आणि रोपें वर आलीं म्हणजे आवण करीत. कापणी झाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल निघे. डोंगराकडचे ठाकूर आणि कातकरी लोक करवंदें, जांभळें व रानभाज्या टोपल्यांतून बाजारांत आणीत; पावसाळ्याच्या तोंडाशीं हें दृश्य अद्याप दिसतें. येथील जांभळास अलीकडे भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. मानांकनानें भाव वाढतो हें ठीक. पण झाडें राहिलीं पाहिजेत, आणि जांभळाचें झाड घराच्या भूखंडांत क्वचितच राहतें.

देवस्थानांपैकीं कोंडेश्वराचें शिवमंदिर डोंगराच्या कुशींत, धबधब्याजवळ आहे. मुळगांवचा खंडोबा टेकडीवर. या जुन्या स्थानांच्या जोडीला नव्या वस्तींत श्याम जोशी यांनीं उभारलेलें ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. जुनीं, दुर्मिळ मराठी पुस्तकें आणि बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक तेथें जपून ठेवलेले असून, दूरदूरचे अभ्यासक त्यांसाठीं या स्टेशनावर उतरतात.

आतां नदीविषयीं. सह्याद्रीवरून निघणाऱ्या बहुतेक नद्या उन्हाळ्यांत आटतात. उल्हास मात्र वाहती राहते. याचें कारण डोंगराच्या पलीकडे आहे. मावळांतील आंध्रा नदीचें पाणी एरवीं इंद्रायणी, भीमा, कृष्णा या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें. तें ठोकरवाडीच्या धरणांत अडवून घाटाखालीं भिवपुरी येथें नळांनीं सोडलें जातें आणि त्यावर १९२२ पासून वीज निर्माण होते. वीज करून झाल्यावर तेंच पाणी उल्हासेंत येतें. बदलापूरजवळच्या बंधाऱ्यावर तें उचलून घरोघर पोहोंचवितात. अंबरनाथासही त्याचा वांटा मिळतो. म्हणजे वैशाखांत येथील गृहिणी जो हंडा भरते, त्यांत कृष्णेच्या खोऱ्यांतलें पाणी असतें!

दुसरें पाणी बारवी नदीचें. औद्योगिक विकास महामंडळाचें हें धरण १९७२ सालीं पुरें झालें. त्यावर आसपासच्या शहरांतले कारखाने आणि लाखों घरें अवलंबून आहेत. पुढें धरणाची उंची वाढविली, तेव्हां मुरबाड तालुक्यांतील कांहीं पाड्यांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. नळ सोडतांना त्या पाड्यांची आठवण शहरांत फारशी कोणास होत नाहीं.

स्वस्त जागा आणि मुंबईची गाडी या दोन आकर्षणांनीं गांवाचें शहर झालें. १९८३ सालीं कल्याण महानगरपालिकेंत गेलेला हा भाग १९९२ सालीं वेगळा झाला. २००१ च्या खानेसुमारींत लोकसंख्या सुमारें ९८ हजार होती. २०११ मध्यें ती १ लाख ७४ हजारांवर गेली. खरवईच्या बाजूस रसायनांचे कारखाने आहेत, तरी बहुसंख्य कर्ते लोक पहांटे ६८ किलोमीटरच्या प्रवासास निघतात आणि रात्रीं परततात. घोडे बदलणाऱ्यांप्रमाणें तेही येथें विसांव्यापुरतेच येतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या वाढीचा हिशेब नदी मधूनमधून मागते. २६ जुलै २००५ रोजीं उल्हासेचें पाणी वस्तींत शिरलें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीजवळ, कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली. हजाराहून अधिक उतारूंना नावांतून सुखरूप बाहेर काढावें लागलें. त्या कामीं जवळच्या खेड्यांतले लोकही धांवून आले. पूर उल्हासेस नवा नव्हे. फरक इतकाच कीं पूर्वीं तो भातखाचरांत पसरे, बांधाबांधांतून दमानें ओसरे, आणि जातांना गाळ ठेवून जाई. खाचरांत भराव घालून इमारत उभी केली म्हणजे तेथें मावणारें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या तळमजल्यांत जातें. यासाठींच नदीकांठीं पूररेषा आंखतात. जागा पाहण्यास येणारे लोक मात्र बहुधा उन्हाळ्यांत येतात, आणि तेव्हां उल्हास अगदीं शांत वाहत असते. त्यांनीं नकाशा पाहावाच. पण जुन्या बदलापूर गांवांतल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास २००५ सालचें पाणी कोठवर आलें होतें, हेंही विचारावें. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवील.