रिफ्रेशची सवय आणि विजेची गाडी

संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा ‘रिफ्रेश’ मारणारी माणसं प्रत्येक ऑफिसात सापडतात. त्याने मशीन हलकं होतं, मेमरी मोकळी होते, अशी त्यांची ठाम समजूत असते. प्रत्यक्षात ती आज्ञा पडद्यावरची आयकॉन पुन्हा मांडते, बस्स. स्क्रीनसेव्हरचीही गत तीच. जुन्या, पाठीमागे पोट असलेल्या मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटायचा. तो टाळण्यासाठी पडद्यावर काहीतरी हलतं ठेवायची युक्ती निघाली. ते मॉनिटर भंगारात गेले, तरी ‘वीज वाचते’ म्हणून स्क्रीनसेव्हरचे मासे अजून पोहतायत. वीज वाचवायची तर पडदा बंदच व्हावा लागतो.

या समजुतींनी कुणाचं फारसं बिघडत नाही. मात्र उपकरण नवं आणि सवय मागच्या उपकरणाची, हा प्रकार आता दारातल्या विजेच्या गाडीपर्यंत पोहोचला आहे, आणि तिथे बॅटरी हाच सगळ्यात महागडा भाग असतो.

‘बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी’ हा सल्ला एकेकाळी बरोबर होता. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या वारंवार अर्धवट वापरून चार्ज केल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची. 1991 साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि तो सल्ला कालबाह्य झाला. या बॅटरीला दोन्ही टोकं मानवत नाहीत. पार रिकामी होणं वाईट, आणि काठोकाठ भरून उन्हात पडून राहणंही वाईट. लॅपटॉप दिवसभर प्लगला ठेवला तर तो ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, कारण आतलं सर्किट वेळेवर प्रवाह तोडतं. पण शंभर टक्क्यांवर, त्यातही गरम अवस्थेत, तो महिनोन्‌महिने राहिला तर बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते.

मग गाडीलाही 80 टक्क्यांचा नियम लावून टाकायचा का? इथे थोडं थांबावं. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीला रोजच्या वापरात तो नियम चांगला. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत मात्र लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नेमकी किती टक्के उरली आहे याचा अंदाज गाडीच्या यंत्रणेला नीट येत नाही. अधूनमधून पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो, म्हणून कंपन्याच तसं सांगतात. तात्पर्य, व्हॉट्सॲपवरच्या काकांपेक्षा गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल वाचलेलं बरं. (ते कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.)

बॅटरीबद्दलची एक धास्ती घरातल्या इन्व्हर्टरने घातलेली आहे: तीन-चार वर्षांत बॅटरी बदलावी लागणार. इन्व्हर्टरची बॅटरी सहसा शिसं आणि आम्लाची. 2001 मध्ये बंगळूरहून आलेल्या रेवा गाडीतही तीच होती, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नव्हे. आजच्या गाड्यांच्या लिथियम बॅटरीला मात्र भारतात साधारण 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. क्षमता हळूहळू घटते हे खरंच. सततचं फास्ट चार्जिंग आणि विदर्भातला मे महिना ती आणखी घटवतात. पण घटणं म्हणजे बंद पडणं नव्हे. आणि नाही, तिच्यात पाणी घालावं लागत नाही.

आता बॅटरीकडून बोरघाटासारख्या उताराकडे. ‘उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं’ असं सांगणारे ड्रायव्हर अजून आहेत. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात काही तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगसाठी ते थोडं जळत राहतं. शिवाय इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापून निकामी होण्याची जागा नेमकी घाटच.

विजेच्या गाडीत उतारावर मोटरच जनरेटर होते, आणि त्यातून उलटा गैरसमज जन्मतो: ‘चालवता चालवता गाडी स्वतःच चार्ज होते.’ हिशेब करून पाहू. दीड टनाची गाडी खोपोलीकडून खंडाळ्याला सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. नुसत्या त्या चढासाठी जवळपास सव्वादोन युनिट लागतात. उतरताना ते सगळे परत येत नाहीत. काही रस्ता आणि वारा खातात, काही उष्णता होऊन जातात. आणखी एक गंमत अशी की लोणावळ्याच्या हॉटेलात गाडी शंभर टक्के भरून निघालात, तर घाटात मिळणारी वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मोटरचा ब्रेक तेव्हा मवाळ लागतो आणि नवखा माणूस दचकतो. दहा टक्के कमी भरून निघालेलं उत्तम.

‘वीज कोळशाचीच, मग धूर फक्त पुण्यातून उचलून चंद्रपूरला नेला’ हा टोमणा अर्धा खरा आहे. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते आणि त्याची राख चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांच्या गावांच्या वाट्याला येते. एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर शंभर किलोमीटरला 15 युनिट खाणारी गाडी साडेदहा किलोच्या आसपास जाते. लिटरला 16 चा ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी नळकांड्यातूनच 14 किलोच्या वर सोडते. रिफायनरीचा खर्च वेगळा. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. बॅटरी तयार करताना झालेलं कार्बनचं कर्ज फेडायलाही हजारो किलोमीटर जातात. ज्यांची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही धावत नाही, त्यांनी पर्यावरणासाठी म्हणून चांगली चालणारी गाडी विकू नये, असं माझं मत.

मार्च 2022 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई या हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले आणि ‘पाण्यावर चालणारी गाडी’ घरोघरी पोहोचली. पाणी त्या गाडीतून बाहेर पडतं, आत घालायचं नसतं. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्यातून तो परत काढायला वीज लागते. काढणं, दाबून भरणं, फ्युएल सेलमध्ये पुन्हा वीज करणं या फेऱ्यात शंभरातले जेमतेम तीसेक युनिट चाकापर्यंत पोहोचतात, बॅटरीच्या गाडीत सत्तरच्या पुढे. लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी हायड्रोजनचा विचार होऊ शकतो. घरच्या छोट्या गाडीसाठी मला तरी तो पटत नाही.

उरलं छतावरचं सोलर पॅनल. गाडीच्या छतावर फार तर तीनशे-चारशे वॅटचं मावतं. दिवसभर उन्हात उभी ठेवलीत तर त्यातून दहा किलोमीटरच्या आसपास मिळतील, आणि तेवढ्यासाठी बॅटरीही उन्हात भाजून निघेल. तीच पॅनल सोसायटीच्या गच्चीवर नीट कोनात बसवली तर जास्त वीज देतात. तिथे अडचण सूर्याची नाही, सर्वसाधारण सभेत ठराव पास होण्याची आहे.