तीन नावांची गावे : डोलोमाइटमधील हिमक्रीडा आणि लादीन भाषा

उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतराजीतल्या एखाद्या खेड्यात हिवाळ्याची सुटी घालविण्याचा बेत करणाऱ्या प्रवाशापुढे बर्फ, भाडे आणि अंतर यांच्याही आधी नावाची अडचण उभी राहते. जर्मन नकाशात त्याला ग्रोडेन नावाचे खोरे आणि त्यात झांक्ट उलरिख हे गाव सापडते. इटालियन वेळापत्रकात तेच खोरे व्हाल गार्देना होते आणि तेच गाव ओर्तिसेई. प्रत्यक्ष वेशीवरच्या पाटीवर ही दोन्ही नावे असतातच. पण त्यांच्या जोडीला एक तिसरेही असते : उर्तिझेय. हे तिसरे नाव ज्या भाषेतील आहे त्या लादीन भाषेचे भाषक सर्व खोरी मिळून सुमारे ३०,००० आहेत. बर्फावरून घसरण्याच्या, म्हणजे स्कीच्या, खेळासाठी दर हिवाळ्यात या खोऱ्यांत उतरणारे पाहुणे त्यांच्या कितीतरी पट असतात. ज्या गावाची उपजीविकाच परभाषिक पाहुण्यांवर चालते त्या गावाची भाषा कोठे टिकते, कोठे टिकत नाही, आणि का, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला या सुटीच्या बेतातच सामोरा येतो.

प्रथम नावांचाच विचार करावा. उर्तिझेय या नावाच्या मुळाशी खाजकुइलीसारख्या अंगाची आग करणाऱ्या एका वनस्पतीचे लॅटिन नाव ‘उर्तिका’ हे आहे; गावाच्या नावाचा अर्थ ‘त्या झुडपांची जागा’ असा होतो. इटालियन ओर्तिसेई हे याच लादीन नावाचे ध्वनिरूपांतर होय. जर्मन भाषकांनी मात्र मूळ नावाला हात न लावता तेथील चर्चच्या संतावरून गावाला स्वतंत्र नाव दिले. खोऱ्यात वरच्या अंगाला गेले की हाच प्रकार पुन्हा दिसतो. लादीन सेल्व्हा आणि इटालियन सेल्व्हा ही दोन्ही नावे ‘अरण्य’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेली. जर्मन नाव व्होल्केनश्टाइन हे मात्र तेथील किल्ल्याचे व तो बाळगणाऱ्या सरदार घराण्याचे. गावाच्या माथ्यावरील प्रचंड सुळक्याची गोष्ट निराळी आहे. लादीनमधील सास्लोंक, इटालियनमधील सास्सोलुंगो आणि जर्मनमधील लांगकोफेल या तिन्हींचा अर्थ एकच : लांब खडक. गावाचे नाव सत्तेबरोबर पालटते. डोंगर मात्र जो पाहील त्याला लांबच दिसतो.

नावांच्या या गुंत्यात राजकारणाचा भाग मोठा आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९च्या सें-झेर्मेंच्या तहाने हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. त्याआधीच, १९१६ मध्ये, एत्तोरे तोलोमेई याने या भागातील हजारो स्थलनामांची इटालियन रूपे सिद्ध करून प्रसिद्ध केली होती. त्यांतील काही जुनी व रूढ होती, काही भाषांतरित होती, तर कित्येक सरळसरळ बनविलेली होती. १९२३ मध्ये फॅसिस्ट राजवटीने या नावांना अधिकृत मान्यता दिली. आज प्रवासी ज्या त्रिभाषिक पाट्यांचे छायाचित्र कौतुकाने घेतो, त्यांच्यामागे हा शतकभराचा वाद उभा आहे.

लादीन ही इटालियनची बोली की स्वतंत्र भाषा, हा वादही असाच अर्धा शास्त्रीय व अर्धा राजकीय आहे. ग्रात्सियादिओ इसाइआ आस्कोली याने १८७३ च्या आपल्या प्रबंधात स्वित्झर्लंडमधील रोमान्श, डोलोमाइटमधील लादीन आणि पूर्वेकडील फ्रिउलियन यांना एका कुळात बसविले. त्यासाठी त्याने जी ध्वनिलक्षणे दाखविली ती आजही ग्राह्य धरली जातात. लॅटिन ‘का’ या अक्षरातील क-काराचे येथे तालव्यीभवन झाले. म्हणून ‘घर’ या अर्थाचा इटालियन शब्द ‘कासा’ असला तरी बादिया खोऱ्यातील पाहुणघरांच्या दारावर ‘च्यासा’ असे लिहिलेले आढळते. शब्दारंभीच्या संयुक्त व्यंजनातील ल-कार इटालियनने टाकून दिला, लादीनने राखला : ‘हाक मारणे’ याला इटालियनमध्ये ‘क्यामारे’, तर गार्देनात ‘त्लामे’. शब्दांतीचा स-कारही अनेकवचनात शाबूत राहिला. कार्लो बात्तिस्ती याने विसाव्या शतकाच्या आरंभापासून या एककुलवादाला विरोध केला आणि ही लक्षणे उत्तर इटालियन बोलींतील जुन्या अवस्थेचे अवशेष होत असे प्रतिपादिले. त्याच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. पण ज्या काळात तो पुढे रेटला गेला, त्या काळात ‘ही तर इटालियनच’ या विधानाचा उपयोग शास्त्रापेक्षा सरहद्दीसाठी अधिक झाला.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक शब्द येथे नोंदविण्याजोगा आहे. डोंगरातील खिंडीला बादियाच्या लादीनमध्ये जो शब्द आहे तो ‘जू’ असा लिहिला जातो. गार्देनात त्याचे रूप ‘झेउफ’ असे होते. हा लॅटिन ‘युगुम्’ या शब्दाचा वंशज होय, आणि ‘युगुम्’ म्हणजे बैलांच्या मानेवर ठेवावयाचे जू. संस्कृत ‘युग’ आणि त्यापासून आलेला मराठी ‘जू’ यांचेही मूळ तेच. दोन शिखरांच्या खांद्यांवर आडवी टेकलेली खिंड ज्याने दुरून पाहिली असेल, त्याला हा अर्थविस्तार समजावून सांगावा लागत नाही.

खिंडींचा हा विषय आता थेट प्रवासाच्या आखणीकडे नेतो. या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध स्की-मार्ग ‘सेलारोंदा’ हा सेला नावाच्या पठारी पर्वताला एका दिवसात वळसा घालतो. पाळणे व दोरवाटा धरून तो सुमारे ४० किलोमीटरांचा आहे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणाऱ्यांसाठी नारिंगी आणि उलट जाणाऱ्यांसाठी हिरव्या खुणा आहेत. सकाळी १० पूर्वी निघावे आणि शेवटची खिंड दुपारी साडेतीनच्या सुमारास ओलांडावी, असे जाणकार सांगतात. कारण दोरवाटा बंद झाल्या की माणूस परक्या खोऱ्यात अडकतो आणि मोटारीने परतण्याचा फेरा फार लांब पडतो.

‘परके खोरे’ हा शब्दप्रयोग येथे भाषिक अर्थानेही खरा आहे. सेल्व्हाहून निघालेला प्रवासी गार्देना खिंड ओलांडून कोर्व्हारा येथे बादियाच्या बोलीत शिरतो. काम्पोलोंगो खिंडीपलीकडे आराब्बा येथे फोदोम बोली लागते. पोर्दोईनंतर कानात्सेई येथे फासा खोऱ्याची बोली, आणि सेला खिंडीवरून पुन्हा गार्देना. आभार मानावयाचे तर गार्देनात ‘दे ग्रा’, बादियात ‘जुलान’ आणि फासात ‘देतेलपाय’ म्हणावे लागते. एका दिवसाच्या फेरीत बोलीभूगोलाचे असे प्रात्यक्षिक युरोपात अन्यत्र क्वचितच मिळेल. प्रवाशाच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट अशी की, याच फेरीत तो तीन जिल्ह्यांतून जातो. १९२३ मध्ये लिव्हिनाल्लोंगो व आम्पेत्सो ही क्षेत्रे बेल्लुनो जिल्ह्यात घातली गेली; १९२७ मध्ये बोल्झानो हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा गार्देना व बादिया त्यात गेली आणि फासा त्रेंतोकडे राहिले. अशा रीतीने एका भाषेचे तीन तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याला पुढे वेगवेगळे कायदे लागू झाले. १९७४ मध्ये ‘दोलोमिती सुपरस्की’ या नावाने सर्व खोऱ्यांसाठी एकच तिकीट निघाले. आज त्यावर १२ क्षेत्रांतील सुमारे १,२०० किलोमीटर उतार मोकळे होतात. जे ऐक्य शासनाने मोडले ते काही अंशी दोरवाटेच्या तिकिटाने जुळविले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती असली तरी निव्वळ थट्टा नव्हे.

आता मुख्य प्रश्न. पाहुण्यांची वर्दळ भाषेला मारक ठरते, असा एक सर्वसाधारण समज आहे आणि त्याला आधारही आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट मोरिट्झ हे हिवाळी पर्यटनाचे आद्य स्थान. १८८० च्या जनगणनेत तेथील सुमारे निम्मे लोक रोमान्श भाषक होते. २००० मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आले. १९३८ मध्ये रोमान्शला स्वित्झर्लंडची चौथी राष्ट्रभाषा म्हणून मान्यता मिळाली होती, तीही येथे उपयोगी पडली नाही. डोलोमाइटमधीलच कोर्तिना द’आम्पेत्सो, म्हणजे ज्याचे नाव १९५६ व २०२६ या दोन हिवाळी ऑलिंपिकांशी जोडलेले आहे ते नगर, मूळचे लादीन. परंतु आज तेथील रोजच्या व्यवहारात इटालियन वरचढ आहे.

असे असता गार्देना आणि बादिया यांचे आकडे आश्चर्यकारक वाटतात. २०११ च्या जनगणनेत उर्तिझेयमधील सुमारे ८४ टक्के, सेल्व्हामधील सुमारे ९० टक्के आणि बादिया खोऱ्यातील ला व्हाल या गावातील जवळजवळ ९८ टक्के लोकांनी स्वतःला लादीन म्हणून नोंदविले. १९७० ची जागतिक स्की-अजिंक्यपद स्पर्धा गार्देनात भरली. सास्लोंकच्या पायथ्याची उतारशर्यत दर डिसेंबरात जगभर पाहिली जाते. म्हणजे वर्दळ येथे काही कमी नाही. या आकड्यांकडे थोड्या सावधगिरीने पाहिले पाहिजे, हे खरे. बोल्झानो जिल्ह्यात सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात; म्हणून ही नोंद गटाच्या निष्ठेची आहे, घरात कोणती भाषा बोलली जाते याची नव्हे. मोठ्या गावापेक्षा लहान गावात आणि खालच्यापेक्षा वरच्या अंगाला टक्का चढतो, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. तरीही सेंट मोरिट्झशी तुलना करता फरक इतका मोठा आहे की केवळ नोंदीच्या पद्धतीने तो उलगडत नाही.

त्याची कारणे दोन दिसतात. पहिले शाळेचे. बोल्झानो जिल्ह्यातील लादीन गावांत १९४८ पासून जर्मन व इटालियन या दोन भाषांना समान तास देणारी पद्धती चालू आहे. लादीन ही त्यांच्या जोडीला विषय म्हणून आणि समजावून सांगण्याची भाषा म्हणून येते. लादीनला मिळणारे तास थोडे आहेत, ही तक्रार रास्त आहे. पण या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की कोणतीही एक मोठी भाषा ‘शहाण्यांची भाषा’ म्हणून लादीनच्या जागी बसू शकली नाही. दोन मोठ्या भाषा एकमेकींना अडवून धरतात आणि मधल्या फटीत लहान भाषेला श्वास मिळतो. १९८९ मध्ये तिला या भागात प्रशासनाच्या भाषेचा दर्जाही मिळाला. बेल्लुनो जिल्ह्यातील लादीनांच्या वाट्याला यातील फारच थोडे आले. ऑक्टोबर २००७ मध्ये कोर्तिना, लिव्हिनाल्लोंगो आणि कोल्ले सांता लुचिया येथील मतदारांनी बोल्झानोच्या प्रदेशात जाण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला तो यामुळेच. मात्र हद्द बदलली नाही.

दुसरे कारण घराचे आहे, आणि तेच अधिक मूलगामी वाटते. तिरोलमध्ये शेताची वाटणी न करता ते सबंध एका वारसाकडे देण्याची जुनी वहिवाट आहे. फॅसिस्ट काळात मोडलेला हा कायदा बोल्झानो जिल्ह्यात १९५४ मध्ये पुन्हा आला. त्यामुळे घर विकले न जाता कुटुंबात राहिले. बादिया खोऱ्यात अशा घरांचे ‘व्हिलेस’ नावाचे दाटीचे पुंजके आजही उभे आहेत. पाण्याचा झरा आणि भाकरीची भट्टी समाईक. खोरे गरीब होते. गार्देनाची माणसे लाकडी बाहुल्या व मूर्ती कोरून युरोपभर विकीत फिरत. पाहुणे येऊ लागले तेव्हा हेच घर पाहुणघर झाले आणि तरुणाला घर सोडण्याचे कारण उरले नाही. पाहुण्याशी जर्मन वा इटालियन, आता इंग्रजीही. पण शेगडीच्या खोलीत, म्हणजे ‘स्तुआ’त, सासू-सुनेची बोलणी लादीनमध्येच. सेंट मोरिट्झ व कोर्तिना येथे घरे बाहेरच्यांच्या दुसऱ्या निवासासाठी विकली गेली. कोर्तिनाची राने व कुरणे जुन्या कुटुंबांच्या सामाईक संस्थांकडे अजून आहेत. गावठाणातील घरे मात्र हातची गेली. स्वित्झर्लंडने अशा दुसऱ्या घरांवर २० टक्क्यांची मर्यादा घातली ती २०१२ च्या सार्वमतानंतर. रोमान्शच्या दृष्टीने तोवर फार उशीर झाला होता.

अलीकडे लादीनला बाजारमूल्य आले आहे. खानावळीच्या यादीवर ‘तुर्त्रेस’ आणि ‘पानिचा’ ही नावे दिमाखाने छापली जातात, डोंगरावरील विश्रामगृह ‘ऊतिया’ म्हणविते. बादियातील शर्यतीचा विख्यात उतार ‘ग्रान रीझा’ या नावाने ओळखला जातो. ‘रीझा’ म्हणजे तोडलेले ओंडके खाली सोडण्याची घसरण. हा शब्द लाकूडतोड्यांच्या तोंडून दूरदर्शनच्या निवेदकाच्या तोंडी गेला. याने भाषा जगली असे मानणारे पुष्कळ आहेत. ते मत स्वीकारणे कठीण आहे. पाटीवरचा शब्द विशेषनाम होऊन गोठतो. त्याला क्रियापदाची जोड लागत नाही. भाषेची खरी परीक्षा उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात होते, जेथे हंगामी कामगार दूरदूरहून आलेले असतात आणि मालकाची मुलगी त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलते, एवढाच प्रश्न असतो.

ज्याला उतारांबरोबर भाषाही ऐकावयाची आहे त्याने मुक्काम निवडताना हे सारे ध्यानात घ्यावे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत आणि फेब्रुवारीतील कार्निव्हलच्या आठवड्यात गावे पाहुण्यांनी भरून वाहतात. जानेवारीचा मध्य त्या मानाने शांत व स्वस्त असतो. इटलीत स्की करणाऱ्याने तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा उतरविणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, तो तिकिटाबरोबरच घ्यावा. सेल्व्हा किंवा कोर्व्हारा येथे उतरल्यास दोरवाट दारात येते, पण कानांवर सर्व युरोप पडतो. ला व्हालला मोठे स्की-क्षेत्र नाही; तेथून बसने जावे लागते. सान मार्तिन दे तोर येथे पिकोलीनची दोरवाट आहे, लादीन संस्कृतीचे संग्रहालय आहे, आणि ज्याने १८३३ मध्ये सर्व खोऱ्यांसाठी एक लिखित लादीन घडविण्याचा पहिला प्रयत्न केला त्या मिकुरा दे रू याच्या नावाची संशोधनसंस्थाही आहे. त्याचा तो प्रयत्न त्याच्या हयातीत छापला गेला नाही. आणि आजही बोल्झानोचे प्रशासन लादीनमध्ये पत्र लिहिते ते गार्देनाला गार्देनाच्या आणि बादियाला बादियाच्या बोलीत.